दोऱ्यावरचा थाळा

मंगळवार म्हणजे दुकानाची सुट्टी, आणि नेमके सुट्टीच्याच दिवशी तिघे म्हातारे दारात हजर. यांना घरंदारं नाहीत का, असं मनाशी म्हणतच किनुएने कडी काढली.

जपानमधल्या मोरिओकाच्या एका गल्लीतलं हे कॉफीचं दुकान. इथे कॉफी प्यायची, तबकड्यांवरचं जॅझ ऐकायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. हा नियम तिच्या नवऱ्याचा, सोझोचा. गिऱ्हाइकं त्याला मास्तर म्हणत. मास्तर गेले, नियम राहिला, आणि मागे राहिलं त्यांचं टर्नटेबल. जात्याच्या तळीएवढा जड पितळी थाळा, आणि शेजारच्या मोटरीतून त्याच्या कडेला वळसा घालून आलेला रेशमी दोरा. मोटर एवढीशी, तिच्याने थाळा जागचा हलत नसे. म्हणून तो हाताने ढकलायचा, वेगाला लागेपर्यंत थांबायचं, मग सुई ठेवायची. बाजू संपली की तळव्याने थोपवायचा, तबकडी पुसायची, उलटायची आणि पुन्हा ढकलायचा. दिवसभर हेच. मास्तरांनी ते हौसेने केलं. किनुएला हौस कधीच नव्हती. नवऱ्याखातर केलं, नवरा गेल्यावर सवयीने केलं, आणि आता उजवा खांदा असा कामातून गेला होता की केस विंचरायलाही डावा हात लागे. सकाळी खांद्याला औषधी पट्टी चिकटवल्याशिवाय दुकान उघडत नसे.

शेवटी तिने या तिघांना एकदाचं सांगून टाकलं होतं, "बटण दाबलं की फिरणारं यंत्र आणा. नाहीतर मी टाळं लावते."

त्यावर आज हा दरबार भरला होता. विजेच्या सामानाचा दुकानदार कुवाबारा ढकलगाडीवरून एक यंत्र घेऊन आला होता. त्यात थाळा थेट मोटरीवरच बसलेला. ना पट्टा, ना दोरा.

"थेट मोटरीवर?" दाताचे डॉक्टर हिरायासू ओरडले. "म्हणजे मोटरीची सगळी थरथर सुईत! त्यापेक्षा माझ्या घरचा रबरी पट्टा बरा. थरथर मधल्यामध्ये गिळून टाकतो."

"तुमचा पट्टा नका सांगू. उन्हाळा आला की विजारीच्या नाडीसारखा सैल पडतो आणि पियानो रडायला लागतो," कुवाबारा म्हणाला. "माझं यंत्र बघा. बटण दाबलं की लगेच वेगाला लागतं."

"लगेच लागतं, हेच तर वाईट," ताकेनोउची पुटपुटला. हा निवृत्त पोस्टमन, मास्तरांचं सगळ्यात जुनं गिऱ्हाईक. "दोरा ताणला जात नाही, सैल पडत नाही. मास्तरांना काय अक्कल नव्हती?"

"माझ्या खांद्याचं मत कोणी विचारणार आहे का?" किनुए म्हणाली.

तिघेही हसले. ती विनोद करत नव्हती.

शेवटी ठरलं ते असं. दोन्ही यंत्रांपुढे पडदा लावायचा. तीच तबकडी, तीच बाजू, दोन्हीवर वाजवायची. आधी कुठलं, मग कुठलं, हे वहिनी ठरवणार. दोरा ओळखता आला नाही, तर नवं यंत्र ठेवायचं. ओळखता आला, तर दोराच राहणार. म्हणजे खांदा गेला खड्ड्यात.

किनुएने आधी कॉफी टाकली. पुन्हा उठाबस नको म्हणून मास्तरांचा थाळा त्याच वेळी ढकलून ठेवला; फिरत राहू दे. मग पडद्याआड गेली आणि कुवाबाराच्या यंत्राचं बटण दाबलं. थाळा तत्काळ वेगाला लागला. पण इतक्या वर्षांचा हात! तो आपला कडेशी तसाच थांबून राहिला, जड थाळ्याची वाट बघत. भानावर आल्यावर तिने सुई ठेवली. दुसऱ्या खेपेला दोऱ्याचा थाळा फिरतच होता, तेव्हा तबकडी घातली आणि लगेच सुई.

"पहिलं! पहिला दोरा!" हिरायासूंनी मांडीवर थाप मारली. "काय भरीव सूर! दुसरं कोरडं ठाक, माझ्या दवाखान्यातल्या मशीनसारखं."

"हरलो बुवा," कुवाबाराही म्हणाला.

ताकेनोउचीने चष्मा काढून डोळे पुसले. "आज मास्तरांचा हात ऐकला मी."

किनुएला असा राग आला की कान तापले. सूर कुठले ऐकता मेल्यांनो, तुम्ही माझं थांबणं ऐकलंत! 'चुकलात' एवढं म्हटलं की सुटका होती. तिने पडदा सारला. समोर तीन टकली, ओले कोट, आणि आनंदाने लाल झालेले चेहरे. एवढ्या बर्फातून हे इथे आले होते, कारण जायला दुसरी जागा नव्हती. शब्द तिने गिळला. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं.

"बरोबर ओळखलंत," ती म्हणाली. "दोराच राहू दे. पण पडदाही राहू दे, धूळ फार येते. आणि कुवाबारासान, यंत्र असू द्या इथेच. बर्फातून कुठे ओढत नेता?"

दुसऱ्या दिवसापासून ती पडद्याआड बटण दाबू लागली आणि ढकलायला लागायचा तेवढा वेळ स्टुलावर हात मांडीवर ठेवून बसू लागली. बाहेर हिरायासू डोळे मिटून डोलत. कुवाबारा "नेतो, नेतो" म्हणायचा आणि न्यायचा नाही.

हिवाळा सरत आला तेव्हाची गोष्ट. एका सकाळी ती दारातला बर्फ ओढत होती. ताकेनोउची लवकर आला होता. तो तिच्या उजव्या हाताकडे बघत उभा राहिला.

"वहिनी, हल्ली पट्टी लावत नाही वाटतं?"

तिचं फावडं थांबलं. "कशावरून?"

"दुकानात औषधाचा वास येत नाही." त्याने आवाज खाली आणला. "त्या दोघांना सांगणार नाही मी. माझेही कान फसलेच की."

"इतकी वर्षं तो वास येत होता तुम्हाला?" तिने विचारलं. "मग कधी बोलला नाहीत ते?"

ताकेनोउचीने मान खाली घातली.

"आम्हाला वाटायचं, दुकानाचाच वास आहे."

किनुएने फावडं त्याच्या हातात दिलं आणि कॉफी टाकायला आत गेली.