निळ्या नखांची केस

मेडिकलच्या शेवटच्या वर्षाला मेडिसिन विषयात कॉलेजात मी पहिली आले. हे आधीच सांगून टाकते, लाजत-लाजत सांगण्यासारखं त्यात काही नाही. आमच्या बेलवलीच्या घरातून माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलेलं नव्हतं.

आमच्याकडे अभ्यासाइतकीच अभ्यास लपवण्याचीही चढाओढ चालायची. सकाळी भेटलं की प्रत्येकाचं एकच, "यार, मी तर पुस्तक उघडलंच नाही." डोळे मात्र लाल. लायब्ररीतलं हवं ते पुस्तक भलत्याच विषयाच्या कपाटात सापडायचं, कोणीतरी स्वतःसाठी दडवून ठेवलेलं. वॉर्डात चांगली केस आली की बातमी फक्त आपापल्या ग्रुपला. मी कुठल्याच ग्रुपात नव्हते. माझी सीट राखीव, त्यामुळे माझ्याशी स्पर्धा करावी असंही कोणाला वाटत नसे.

"तुला कसलं टेन्शन? तू पास झालीस की झालं," वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी एकदा कँटीनमध्ये म्हणाली. तिचे आईवडील दोघंही डॉक्टर, अंबरनाथला स्वतःचं हॉस्पिटल. ती वाईट हेतूने म्हणाली नव्हती, म्हणून जास्तच लागलं. मी ठरवलं, नुसतं पास व्हायचं नाही, पहिलं यायचं. आणि तेही मेडिसिनमध्ये, जिथे तीच पहिली येणार हे सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

प्रॅक्टिकलला एक पेशंट देतात. त्याच्याशी बोलायचं, त्याला तपासायचं आणि परीक्षकांना निदान सांगायचं. विद्यार्थी बदलतात, पेशंट तेच राहतात. त्यामुळे बाहेर येणारा आत जाणाऱ्याच्या कानात काहीतरी सांगतोच, अर्थात आपल्या माणसाच्या. त्या दिवशी तीच हुशार मुलगी बाहेर आली आणि का कोण जाणे, मलाच म्हणाली, "कोपऱ्यातला बेड आला तर ऐक. नखं निळी आहेत, सायनोसिस. छातीत मर्मर. हार्टचीच केस."

सायनोसिस म्हणजे रक्तात ऑक्सिजन कमी पडून अंग निळं पडणं; मर्मर म्हणजे हृदयाच्या ठोक्यांमध्ये येणारा जादा आवाज. मला कोपऱ्यातलाच बेड आला.

चाळिशीतला माणूस, दम लागतो म्हणून भरती झालेला. नखं खरंच निळी.

"मामा, काय त्रास होतो?"

"दम लागतो. बाकी बिमारी पोरांना सांगायची नाय, डॉक्टर बोललेत. तुम्हीच वळखा."

"बिमारी नका सांगू. काम काय करता, ते तरी सांगाल?"

"कॅम्प तीनला, जीन्सच्या कारखान्यात."

मी पुन्हा त्याचे हात पाहिले. माझी आई तिथेच एका कारखान्यात जीन्सचे धागे कापते. कोऱ्या कापडाचा रंग नखांच्या कडेला बसतो, साबणाने जात नाही. त्या हातचं जेवूनच मी मोठी झाले. स्पिरिटचा बोळा घेऊन त्याचं एक नख चोळलं. बोळा निळा झाला.

मग जीभ बघितली. ती निळी नव्हती, पांढरीफटक होती. पापण्यांच्या आतही लाली नाही. म्हणजे हृदय नव्हे, रक्तच कमी. पण गेलं कुठे?

"मामा, संडासवाटे रक्त जातं का?"

त्याने शेजारच्या बेडकडे बघितलं. "हळू बोला ना, ताई. जातं. मूळव्याध आहे. लई दिवसांपासून."

परीक्षकांनी पहिलाच प्रश्न विचारला, "सायनोसिस?"

"नाही सर. जीन्सचा रंग आहे."

दुसऱ्या परीक्षकांनी कागदावरून मान वर केली. "आणि मर्मर?"

"ॲनिमियाचा, सर. रक्त इतकं कमी झालं की चांगल्या हृदयातूनही आवाज येतो. मूळव्याधीतून रक्त जातंय."

"रंग आहे हे कसं ओळखलंत?"

"स्पिरिटने निघतो, सर. आणि माझ्या आईची नखं अशीच असतात."

मी हे खालच्या आवाजात सांगितलं नाही. सरांनी स्वतः उठून पेशंटची जीभ पाहिली आणि होकारार्थी मान हलवली.

निकाल मोबाईलवर आलाच होता, पण विषयात पहिल्या आलेल्यांची नावं कॉलेज फळ्यावर लावतं. तिथे ती भेटली.

"मी तुला मुद्दाम चुकीचं सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"माहीत आहे. तू परीक्षकांनाही तेच सांगितलंस."

तिला हसू आलं. मग तिने हात पुढे केला आणि मी तो घट्ट धरला. ती गेली, मी फळ्यासमोरच उभी राहिले. मेडिसिनपुढे माझं पूर्ण नाव होतं, आडनावासकट. मागे गर्दी वाढत होती.

"बघून झालं असेल तर सरक ना," कोणीतरी म्हणालं.

"नाही झालं," मी म्हटलं.