उकंड्यावरचं नाव

धावजी नायक तांड्यात सहा वर्षांखालची पोरं अठ्ठावीस. विमलताईच्या सरकारी मोबाईलात एकोणतीस. हे एकोणतिसावं पोर कधी रडलं नाही, शेंबूड घेऊन अंगणवाडीत आलं नाही, खिचडीच्या ताटाला त्यानं कधी हात लावला नाही. पण दर महिन्याला त्याच्या नावानं विमलताईची खरडपट्टी ठरलेली. वजन काहून घेतलं नाही? लस काहून चुकली? पोर आहे कुठं?

"पाळण्यात हाये मॅडम," विमलताई सांगे. "दुसऱ्या नावानं हाये."

ऐकून कोणी घेत नसे.

विमलताई पिंपळदऱ्याची सून. लग्न होऊन आली तेव्हा शेजारच्या तांड्यात दहावी झालेली एकही बाई नव्हती, म्हणून तांड्याची अंगणवाडी हिच्या वाट्याला आली. घरून दोन किलोमीटर, मधात नाला. पावसाळ्यात चपला हातात, रजिस्टरं डोक्यावर. त्याला आता एकोणीस वर्षं झाली. पहिल्या वर्षी बंजाऱ्यांची बोली तिला ओ की ठो कळत नव्हती. आता ती त्या बोलीत भांडते. भांडता आलं म्हणजे भाषा आली, असं तिचं म्हणणं.

पहिल्यांदा तिनं वजनकाटा निंबाला टांगला तेव्हा तांड्यातल्या बाया पोरं छातीशी धरून पळाल्या होत्या. कापूस मोजावा, सरकी मोजावी. पोर मोजतात का कुठं? मोजलेलं पोर वाळतं. विमलताईनं काही भाषण दिलं नाही. दुसऱ्या दिवशी आपला दीड वर्षाचा अमर घेऊन आली आणि सगळ्यांच्या देखत काट्याच्या झोळीत घातला. पोट्टं झोळीतच मुतलं. बाया पदर तोंडाला लावून हसल्या आणि मग एकेक पुढं आली. तो अमर आता यवतमाळच्या कॉलेजात आहे. वाळला नाही.

तेव्हा भांडण बायांशी होतं आणि ते जिंकता येत होतं. आता भांडण मोबाईलशी. खिचडी शिजली, काढ फोटो. पोरं बसली, काढ फोटो. वजन घेतलं, भर मोबाईलात. आणि तांड्यात रेंज नाही. रेंज येते एकाच जागी, तांड्याच्या कडेला शेणाकाडीचा उकंडा आहे त्याच्या टोकावर. पदर खोचून विमलताई रोज त्या ढिगावर चढते, हात वर करते आणि गोल फिरणारी चकती थांबायची वाट पाहते. नवरा मारोतराव एकदा सोयाबीनच्या वावरातून येताना थांबला, पाहिलं आणि म्हणाला, "कावळे हाकलून राह्यली काय व?"

त्याच उकंड्यावरून हे एकोणतिसावं पोर निघालं होतं.

बादल आडेची बायको ममता. तिची पहिली दोन पोरं गेली. एक नवव्या दिवशी, दुसरं चार महिन्यांचं होऊन दवाखान्यात. तिसरा पोरगा झाला तेव्हा ममताची सासू बिजलीबाई हिनं जुनं ते खरं केलं. पोर घरात न्यायच्या आधी फाटक्या गोधडीवर उकंड्यावर ठेवलं. शेजारची बसंतीबाई ठरल्याप्रमाणं तिकडून आली, "व माय, कोनं टाकलं हे?" म्हणत पोर उचललं आणि बिजलीबाईनं ते सूपभर जवारी देऊन तिच्याकडून विकत घेतलं. नाव ठेवलं उकंडा. कचरा चोरायला कोणी येत नाही, मरणही येत नाही, असा त्यातला हिशेब. चांगलं नाव पोर पाच वर्षांचं होईस्तोवर उच्चारायचं नाही.

पण बादलनं घोळ करून ठेवला होता. दवाखान्यात बाळाच्या कागदावर नाव विचारलं तेव्हा त्याला उकंडा सांगायची लाज वाटली. त्यानं सांगितलं नयन. नर्सबाईंच्या यादीतून ते नाव मोबाईलात उतरलं. इकडं विमलताईनं घरोघर फिरून आपलं नाव भरलं, उकंडा. झाली दोन पोरं. एकाला जन्माचा दाखला आहे पण वजन नाही. दुसऱ्याला वजन आहे पण दाखला नाही. बादल अन् ममतानं विमलताईच्या पाया पडून सांगितलं, याडीले सांगू नोका. याडी म्हणजे आई, म्हणजे बिजलीबाई. ती तोंडाची अशी, की तांड्यातली कुत्रीही वाट बदलतात.

विमलताईनं पर्यवेक्षिका अर्पिता मॅडमला सात वेळा सांगितलं, एक नाव खोडा.

"ताई, ते माझ्या हातात नाही. वरून होते."

"वरून म्हंजे कोठून? मी उकंड्यावर चढून बोलून राह्यली मॅडम. याच्यावर मले जाता नाही येत."

मॅडम हसली. वाईट नव्हती ती. तिच्याही डोक्यावर कोणी चढूनच बसलं होतं.

आठव्या महिन्यात उकंडाला हगवण लागली आणि पोर पाहता पाहता खंगलं. काट्यावर पाच किलो चारशे. गेल्या महिन्यात पाच किलो सातशे होतं. दंडाला मापाची पट्टी गुंडाळली तर माप लाल रंगात. विमलताईनं पट्टी परत गुंडाळली. लालच. तालुक्याच्या दवाखान्यात अशा पोरांना चौदा दिवस आईसकट ठेवून खाऊ-पिऊ घालतात, औषध देतात. सहा खाटा. सोमवारी भरती.

बिजलीबाईला राजी करायला चार दिवस गेले. मागचं पोर दवाखान्यातच गेलं होतं; तिला कोणत्या तोंडानं सांगावं?

"बाई, तू म्हनते म्हनून एक डाव येतो," शेवटी ती म्हणाली. "तिथं कोनी हड् केलं, तर मी पोर घेऊन वापस. मंग तू दाराशी येजो नोको."

एकच डाव. विमलताईनं तो मनात गाठ मारून ठेवला. यादी जायची वेळ आली तर मॅडमचा फोन, "ताई, उकंडाचा दाखला नाही. मी नयनच्या नावानं पाठवते. पोरगं तेच आहे ना?" विमलताईला तेव्हा बरं वाटलं. तिनं ममताला बाजूला घेऊन सांगितलं, "नयन म्हनून पुकारलं की उठजो. बुढीले मी मंग समजावतो." इथंच तिचं चुकलं. एकोणीस वर्षं बायांच्या तोंडावर बोलणारी विमलताई या वेळी लपवून गेली.

सोमवारी सकाळच्या एसटीनं तिघी गेल्या. दवाखान्याच्या ओसरीत बाकड्यावर गर्दी. बिजलीबाई पोर मांडीवर घेऊन मधात, बाजूला ममता. खोलीत एकच खाट उरली आहे हे विमलताईनं आल्या आल्या पाहून घेतलं. यादीत आपला नंबर पहिला. मग जीव जरा भांड्यात पडला, आणि तेवढ्यात मोबाईल वाजला.

"ताई, आज खिचडीचा फोटो नाही आला?" अर्पिता मॅडम. ती यवतमाळच्या मिटिंगात होती. "इथं माझ्या नावापुढं लाल दिसते."

"मॅडम, मी पोर घेऊन दवाखान्यात आली. तुमीच तं यादी पाठवली. खिचडी मदतनीसबाईनं शिजवली, पोरं जेवली."

"जेवली ते ठीक आहे हो, फोटो?"

ओसरीत गलका होता म्हणून विमलताई बोलत बोलत बाहेर निंबाखाली गेली. पाच मिनिटं. फार तर सहा.

तेवढ्यात आतून सिस्टरनं पुकारलं, "नयन बादल आडे!"

ममता अर्धी उठली. सासूनं तिचा हात धरून खाली बसवलं. "तू कुठी चालली? आपला नंबर आहे काय?"

"नयन आडे! आहेत का कोणी?"

बिजलीबाईनं मान वळवून सगळ्या ओसरीवर नजर फिरवली. "कोन आडे व? आपल्या जातीचं दिसते. कशी माय असंन ही, पोराचं नाव पुकारून राह्यले आन् हे टिकली लावत बसली असंन कुठी!" बाजूच्या बाईलाही ते पटलं. "आजकालच्या पोरी!" ममतानं खाली पाहिलं. तोंड उघडलं तर सासूच्या मनातलं पोर तिथंच मरणार होतं. नाही उघडलं तर मांडीवरचं. बावीस वर्षांची पोर ती. तिच्यानं तोंड उघडलं नाही.

तिसऱ्यांदा पुकारूनही कोणी उठलं नाही, तेव्हा सिस्टरनं दुसरंच नाव घेतलं. एक बाई लेकरू घेऊन उठली आणि आत गेली. खाट संपली.

विमलताई आली तेव्हा ममता रडत होती आणि बिजलीबाई विमलताईलाच विचारू लागली, "काय झालं हिले? पुकारलं बी नाही आपलं नाव अजून."

"नयन नाही पुकारलं?" विमलताईच्या तोंडून गेलंच.

बिजलीबाईनं एकदा विमलताईकडं पाहिलं, एकदा सुनेकडं. ती शाळेत गेली नव्हती, पण तिला जोडायला वेळ लागला नाही.

"म्हनून वाळलं!" ती उठलीच. "म्या कचऱ्यात लपवलं आन् तुमी चांगलं नाव कागदावर लिवून मरनाले दाखवून देल्लं! कवापासून हाये हे?"

"जन्मापासून," ममता पुटपुटली.

"चाल. ऊठ. घरी चाल."

विमलताई दारात आडवी झाली. आतून सिस्टर आली, वयानं विमलताईएवढीच, चष्मा कपाळावर. "काय गोंधळ आहे? तीनदा पुकारलं, तेव्हा कुठं होत्या? आता खाट नाही. पुढच्या सोमवारी या."

पुढचा सोमवार नव्हता. ते विमलताईला माहीत होतं. एकोणीस वर्षांचं सगळं तिच्या डोक्यात चढलं. नाला, रजिस्टरं, सात वेळा केलेले फोन, खिचडीचा फोटो. ती सिस्टरवर नाही, मॅडमवर नाही, बिजलीबाईवरच ओरडली.

"याडी, कायचं चांगलं नाव घेऊन बसली तू! कागदावर नाव लिवलं म्हंजे कोनी पाह्यलं काय? आठ महिने झाले मी बोंबलून राह्यली, कोनी वळून पाह्यलं नाही त्या नावाकडं! उकंड्यावर तं कोंबडी तरी पाय मारते. हा कागद तुह्या उकंड्याहून मोठा उकंडा हाये! तिथं टाकलेलं पोर मरनालेच काय, डाक्टरालेही सापडत नाही!"

बिजलीबाई पोर खांद्यावर घेऊन उभी. तिच्या कपाळाची एक आठी सैल झाली.

"खरं सांगते?"

"तीनदा पुकारलं तरी सापडला नाही. तूच होती ना इथं?"

बुढीनं विचार केला. "मंग विकत घ्या लागते," ती म्हणाली. "उकंड्यावर टाकलं तं कोनीतरी उचलावं, आन् आपन विकत घ्यावं. तसं नाही नेता येत."

विमलताईजवळ होतं काय? पिशवीत डबा. तिनं त्यातली भाकर काढली आणि सिस्टरच्या हातात दिली. "सिस्टर, पोर उचला आन् ही घ्या. इचारू नका."

सिस्टर भाकरीकडं पाहत राहिली. मग चष्मा डोळ्यावर घेतला. "माह्या बापाचं नाव कचरू होतं," ती म्हणाली, जरा हळू. बिजलीबाईच्या खांद्यावरून पोर उचललं, भाकर घेतली, पोर वापस दिलं. मग आत ओरडली, "मावशी, गादी टाका व खाली, खिडकीपाशी! सातवं पोट्टं आलं!"

चौदा दिवस ममता त्या गादीवर राहिली. बिजलीबाई एक दिवसाआड येई आणि कोणी नयन म्हटलं की डोळे वटारी, म्हणून सगळा वार्ड त्याला खिडकीवाला म्हणू लागला. घरी सोडलं तेव्हा वजन सहा किलोला वीस ग्रॅम कमी. रडणं आधीच्या दुप्पट. विमलताईला ते रडणं ऐकून बरं वाटलं, पण तेवढंच.

कारण त्याच आठवड्यात मॅडमचा फोन आला. "ताई, खुशखबर! वरून तुमचं एक नाव खोडलं. आता अठ्ठावीस."

"कोनतं खोडलं?"

"नयन."

दवाखान्यातले चौदा दिवस नयनच्या नावावर होते. ते त्याच्यासोबत गेले. मागं राहिला उकंडा, पाच किलो चारशे, लाल, आणि दवाखान्याचा रकाना कोरा. दोन दिवसांत कागद आलाच: अतितीव्र कुपोषित बालकास वेळेत दाखल न केल्याबद्दल तीन दिवसांत लेखी खुलासा सादर करावा. मॅडमनं फोनवर आधीच रडका आवाज काढला. तिलाही तसाच कागद आला होता.

विमलताई तो कागद घेऊन काटा टांगायला तांड्यात गेली. बिजलीबाई दारात बसून जवारी पाखडत होती, पोर सुपाच्या कडेला दात नसलेल्या हिरड्या घासत होतं.

"काय लिवलं व त्यात?"

"विचारून राह्यले, उकंडाले दवाखान्यात काहून नाही नेलं."

बिजलीबाईनं सूप थांबवलं. "आन् तो नयन?"

"खोडला."

"खोडला?" बुढीचं तोंड पहिल्यांदा उजळलं. "बेस झालं, माय! आता कोनालेच नाही सापडत."

"मले नोटीस आली याडी."

"तुले तं नेहमीच येते," बिजलीबाई म्हणाली आणि परत पाखडू लागली.

विमलताईनं पोर झोळीत घातलं. सहा किलो दोनशे. तिनं मोबाईलात उकंडाच्या नावापुढं आकडा भरला. चकती गोल फिरली आणि अडकली. खुलाशात काय लिहावं, याची वाक्यं डोक्यात जुळवत ती तांड्याच्या कडेला गेली. एकही वाक्य सरळ येत नव्हतं. पदर खोचला, चपला खाली काढल्या, ढिगावर चढली आणि मोबाईल डोक्यावर धरून उभी राहिली.

चकती फिरतच होती.