मला पाडून शिकवायचे

"या मॅडमना पाडा बिनधास्त. जंगलातल्या आहेत, हाडं पक्की असतात यांची."

शिबिर घेणारे प्रशिक्षक असं म्हणाले आणि मैदानावरचे सगळे हसले. मीही हसले. आजही जास्त टोचतं ते माझंच हसणं.

गोंदियाला रग्बी प्रशिक्षकांचं तीन दिवसांचं शिबिर होतं. शेवटी परीक्षा, मग प्रमाणपत्र. मी अर्जुनी मोरगावकडच्या एका आश्रमशाळेत खेळ शिकवते, तासिकेवर. धान निघालं की रिकाम्या बांधीत, म्हणजे भाताच्या खाचरात, आमच्या मोठ्या मुली रग्बी खेळतात. माझ्याकडे प्रमाणपत्र असेल तरच त्यांचा संघ बाहेर खेळायला नेता येणार होता. म्हणून गेले.

बाकीचे बहुतेक शहरातल्या शाळांचे. त्यांनी आळीपाळीनं शिकवायचं. मी चेंडू घेऊन पळायचं आणि पडायचं. दोन दिवस हेच. शिट्टी एकदाही माझ्या हातात आली नाही. मी मागितलीही नाही.

जेवताना एकानं विचारलं, "तुम्ही गोंड ना? गोंडीत काहीतरी बोलून दाखवा."

"मले नाई येत," मी म्हटलं.

माय मला गोंडीतच हाक मारते. ताटाकडं पाहत मी खोटं बोलले.

तिसऱ्या दिवशी परीक्षा. एका मोठ्या शाळेचे सर टॅकल, म्हणजे पळणाऱ्याला धरून पाडणं, शिकवून राहिले होते. मला पाडणार होती भंडाऱ्याची एक नवखी मुलगी. तीही प्रशिक्षक व्हायलाच आलेली. सरांनी तिचं डोकं माझ्या पोटासमोर आणलं. चुकीचं. पाडणारीचं डोकं पळणारीच्या मागच्या अंगाला पाहिजे. समोर राहिलं तर मान जाते. प्रशिक्षक वहीत गुण लिहीत होते. सरांनी शिट्टी वाजवली.

मी हलले नाही.

"पळा ना मॅडम!"

"नाई पळत. पोरीची मान मोडन."

प्रशिक्षक वही घेऊन आले. "तुम्हाला कोणी विचारलं? तुमचं काम पडायचं."

"माझं काम शिकवाचं हाये. तेच शिकाले आली मी. शिट्टी द्या."

शिट्टी कोणी दिली नाही. मी तशीच त्या मुलीजवळ गेले. तिचं डोकं माझ्या कमरेमागं नेलं. "गाल इथं टेकव. आता खांदा लाव. डोळे मिटू नोको." मग पळाले. तिनं मला स्वच्छ पाडलं. दोघी धड उठलो.

संध्याकाळी बाकी सगळ्यांना प्रशिक्षकाचं प्रमाणपत्र मिळालं. मला 'उपस्थित' एवढंच लिहिलेला कागद.

"तुमची परीक्षा झालीच कुठं?" प्रशिक्षक म्हणाले.

खरंच होतं. घेतलीच नव्हती त्यांनी. कागद टेबलावर ठेवून मी निघाले.

शाळेत मुलींनी घेरलं. "मॅडम, पास झाल्या?"

सगळं सांगितलं. मी हसले होते, तेही. गोंडीचं खोटंही. निम्म्या मुली गोंड आहेत. मला मान वर करवली नाही.

पुढच्या शिबिराचा अर्ज मी भरला आहे. नापास करायचं तर मला शिकवताना पाहून करा. परीक्षा घेतल्याशिवाय मी मैदानावरून उठणार नाही.