ऊ फो थिन यांचा घास

"जीभ दाखवा."

"कशाला?"

"हिरवी आहे का बघते."

"ए टिन, पासष्टीचा माणूस आहे मी. बायकोला जीभ दाखवत बसू?"

"काल डॉक्टरला दाखवलीत की. त्यानं तर पार पोटापर्यंत नळी घातली."

"तेव्हा मला गुंगी दिली होती."

"मी देऊ?" ए टिन मामीच्या हातात खलबत्त्यातला बत्ता होता.

मामांनी जीभ दाखवली. हिरवीगार.

ऊ फो थिन माझे मामा; 'ऊ' हा आमच्याकडे वडीलधाऱ्या पुरुषाच्या नावाआधी लावायचा मान, बाईला 'दॉ'. ब्रह्मदेशातल्या मोन्यवा गावच्या बाजारामागच्या आमच्या आळीतली भांडणं तेच मिटवायचे. आमच्याकडे नुसत्या निकालानं भांडण मिटत नाही, त्यावर लफे खावं लागतं. लफे म्हणजे तेलात मुरवलेला चहाचा पाला, सोबत कच्चा लसूण, हिरवी मिरची, लिंबू. पहिला घास निकाल देणाऱ्याचा, मग भांडणाऱ्यांचा. त्यानंच खाल्लं नाही, तर निकाल त्याचा त्यालाच पटलेला नाही असं धरतात.

मामांनी तीस वर्षं खाल्लं, तेही उपाशीपोटी. लोकांना भांडायला सकाळच बरी वाटते. मग रात्रभर आंबट ढेकरा, घशाशी येणारं पाणी, पलंगाच्या उशाखाली विटा. एकदा छाती धरून म्हणाले, "ए टिन, हृदय गेलं माझं." मामी म्हणाली, "हृदय नाही, कालची कुंपणाची भानगड आहे ती. वर येतेय."

डॉक्टरनं सांगितलं ते असं : अन्ननलिका आम्लानं खालून भाजलीय, जठर सुजलंय, एका जागी व्रण धरतोय. लसूण, मिरची, लिंबू, चहा बंद. नाहीतर रक्त पडेल.

"मग खायचं काय?" मामांनी विचारलं होतं.

"मऊ भात."

"मऊ भातानं कुणाचं भांडण मिटलंय का?"

तर, जीभ बाहेर असतानाच दारात ल्हा बॉ आणि न्यी पू हे भाऊ उभे. दोघांचा तेलाचा घाणा एक, बैलही एक. मामांनी जीभ आत घेतली आणि निकाल दिला : सकाळी बैल थोरल्याचा, दुपारनंतर धाकट्याचा. भावांनी लफेचं तबक पुढे सरकवलं.

मामांनी मामीकडे पाहिलं. चमचा उचलला. ठेवला.

"ऊ, खात का नाही?" ल्हा बॉ म्हणाला. "याच्याकडून काही घेतलंत का?"

"मी काय देणार? तूच दिलं असशील," न्यी पू म्हणाला.

दोघं पुन्हा जुंपणार, तेवढ्यात मामीनं चमचा घेतला. "यांच्या वाटचं मी खाते. पण न पटलेला निकाल मी गिळायची नाही. दिवसभर बैल घाण्याला, मग तो बसणार कधी?"

मामी बोटांवर मोजू लागली.

"एक दिवस थोरला, एक दिवस धाकटा, तिसऱ्या दिवशी बैलाला सुट्टी. चालेल?"

दोघांनी माना हलवल्या. मामीनं लसणासकट घास खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी चावत राहिली. मग भावांनी खाल्लं आणि चपला घालून एकत्र गेले.

"तीस वर्षांत माझा निकाल कुणी बदलला नव्हता," मामा म्हणाले.

"तीस वर्षं तुम्ही न चावता गिळत होतात. म्हणून तर जळतंय."

पुढच्या आठवड्यात मासळीवाल्या आल्या. तराजूवरून भांडत होत्या. मामा मऊ भाताची वाटी बाजूला ठेवून सदरा नीट करत पुढे झाले.

"तुम्ही बसा, ऊ," त्यातली एक म्हणाली. "दॉ ए टिन आहेत का? त्यांना बाजारातच घेऊन जातो. तराजू तिथंच आहे."

मामी आतून आली, गालांना तनाखाच्या सालीचा पिवळा लेप लावून, केसांत फणी खोचून. मामा तिच्यासमोर उभे राहिले.

"तू निकाल देणार, तूच खाणार. मग मी कोण?"

ती चपला शोधत होती.

"ए टिन, मी नुसता शेजारी बसायला येऊ का?"

मामीनं चपला घातल्या, मऊ भाताची वाटी परत त्यांच्या हातात दिली आणि मासळीवाल्यांच्या पुढे चालू लागली.