पार्सिपनीचे आभारवाले काका

थांबा, जे काही करताय ते बाजूला ठेवा, कारण हे मला आत्ताच्या आत्ता सांगायचंय. अजून माझ्या स्वेटरला जळक्या प्लास्टिकचा वास येतोय, पण कपडे बदलायला गेले तर माझी रूममेट माझ्याआधी सगळ्यांना सांगून मोकळी होईल. तर ऐका. अख्ख्या अमेरिकेत, अगदी अलास्का धरून, आमच्या पार्सिपनीच्या काकांइतके आभार आजवर कुणीही मानलेले नाहीत. ज्यांनी थँक्सगिव्हिंग हा सण काढला त्यांनीसुद्धा नाही. त्यांनी बिचाऱ्यांनी एकदा देवाचे आभार मानले आणि ते जेवायला बसले. काका जेवायला बसूच देत नाहीत.

काका म्हणजे माझ्या आईच्या शाळेतल्या मैत्रिणीचे मोठे दीर. हसू नका. मुलगी शिकायला अमेरिकेला निघाली की विमानतळावर आईला हे नातं सख्ख्या मामापेक्षा जवळचं वाटायला लागतं. मी इथे उतरले त्या दिवशी आईच्या धाकाने त्यांना फोन केला, तर त्यांनी आधी फोन केल्याबद्दल माझे आभार मानले, मग नंबर दिल्याबद्दल आईचे, मग आईशी शाळेत मैत्री केल्याबद्दल स्वतःच्या भावजयीचे. मला फक्त एवढंच विचारायचं होतं की इथे उशी कुठे मिळते. ती मला चौथ्या दिवशी मिळाली, आणि ती घेऊन काकाच आले होते. उशी स्वीकारल्याबद्दल त्यांनी माझे आभार मानले ते वेगळंच.

ही सवय त्यांना इथल्या मराठी मंडळाने लावली. वर्षानुवर्षं गणपती असो, दिवाळी असो की कुणाच्या तरी तबल्याचा कार्यक्रम, आभारप्रदर्शनाला काकाच. लोक नाटक बघायचे, काका लोकांना बघायचे. पडदा कुणी ओढला, पार्किंग कुणी दाखवलं, कुणाचं बाळ पहिल्या अंकात रडलं नाही, सगळं त्यांच्या डोक्यात पक्कं. "मी त्यांचे आभार मानणार नाही, मी त्यांच्या ऋणातच राहणं पसंत करीन," असं म्हणून पुढे सलग पाच मिनिटं त्याच माणसाचे आभार मानण्याची कला फक्त त्यांच्याकडे आहे. एकदा जेवणाचा वास आला आणि ते उभे राहताच अख्खा हॉल उठून गेला, तर काकांनी खुर्च्यांचे आभार मानले, शेवटपर्यंत जागेवर थांबल्याबद्दल. काकू म्हणतात, "या देशात आभारप्रदर्शनाला सरकारी सुट्टी असते हे कळलं तेव्हाच यांनी ग्रीन कार्डाचा फॉर्म भरला."

रस्त्यावरही तेच. डावीकडे वळा म्हणणाऱ्या जीपीएसमधल्या बाईंना हे "आभारी आहे" म्हणतात. आयसेलिनला मिठाईच्या दुकानात काउंटरवरच्या माणसाचे आभार मानताना रांग दाराबाहेर गेली, तेव्हा मागच्या एक बाई ओरडल्या, "भाईसाब, मिठाई ली है या बेटी ब्याही है?" काकांनी वळून, वेळेची आठवण करून दिल्याबद्दल त्यांचे आभार मानले. एकदा वेगात गाडी चालवली म्हणून पोलिसाने थांबवलं. मी मागच्या सीटवर होते, पार अंग चोरून बसलेली. काकांनी खिडकी खाली केली आणि सुरुवात केली, "ऑफिसर, ऑन बिहाफ ऑफ माय फॅमिली..." तो पोलीस दंडाचं तिकीट न फाडता स्वतःच्या गाडीकडे जवळजवळ पळत गेला.

आता मजा बघा. हाच माणूस घरात कुणाचेही, कधीही, म्हणजे कधी म्हणजे कधीच आभार मानत नाही. काकू चहा आणून देतात. काका कप घेतात, वर न बघता एक घोट घेतात आणि म्हणतात, "साखर कमी आहे." बास. हा त्यांचा घरगुती धन्यवाद. एकदा मी धीर करून विचारलं, तर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, "घरच्यांचे आभार मानायचे नसतात. परकं केल्यासारखं होतं." त्यांची मुलगी सायलीताई इथेच जन्मली. बालवाडीत तिला प्लीज आणि थँक यू शिकवलं, आणि घरी येऊन ती डब्याबद्दल "थँक यू बाबा" म्हणाली. काका दोन दिवस रुसले. "मी काय वेटर आहे?"

आता ल्यूककडे येते, कारण खरी गोष्ट त्याचीच आहे. ल्यूक हा सायलीताईचा मित्र, मित्र म्हणजे तसा मित्र, मूळचा ओहायोचा, उंच, गोरा, आणि इतका चांगला की त्याच्यावर चिडायचं म्हटलं तर आधी तयारी करावी लागते. तो तीन वर्षं थँक्सगिव्हिंगला पार्सिपनीला येतोय आणि तिन्ही वर्षं काकांनी जेवणाआधीच्या भाषणात त्याचे जंगी आभार मानलेत. "इतक्या लांबून वेळात वेळ काढून आपल्यात सहभागी झालेले सन्माननीय पाहुणे, श्रीयुत ल्यूक!" त्या अख्ख्या भाषणात ल्यूकला एकच शब्द कळतो, तो म्हणजे ल्यूक. तो कळला की तो उठून उभा राहतो आणि सगळ्यांना हात जोडतो. आईला फोन करून सांगतो की माझा सत्कार झाला. सण त्याच्या देशाचा, ताटातला टर्की पक्षी त्याच्या देशाचा, आणि आल्याबद्दल आभारही त्याचेच! मला तर हसून हसून ठसका लागायचा.

सायलीताईला हसू येत नव्हतं. सप्टेंबरमध्ये तिने आणि ल्यूकने घरी सांगितलं की आम्हाला लग्न करायचंय. काकू रडल्या, मग हसल्या, मग शिरा केला. काका "बघू" म्हणाले आणि गॅरेजमध्ये निघून गेले. त्यानंतर त्या विषयावर एक अक्षर नाही. आज सकाळी कांदे चिरताना ताई मला हळूच म्हणाली, "यू नो द रूल, मिनू. आज जर बाबांनी परत त्याला श्रीयुत म्हटलं ना, तर दॅट्स हिज आन्सर. मग आम्ही कोर्टात जाऊन सही करतो. आय अॅम नॉट बेगिंग." कांद्याने रडत होती की कशाने, कळलं नाही. मी विचारलं, ल्यूकला हे माहितीये? ती म्हणाली, "नो! ही थिंक्स इट्स अॅन ऑनर."

आणि त्या बिचाऱ्याने यंदा टर्की स्वतः करायची ठरवलेली. आदल्या दिवसापासून मिठाच्या पाण्यात भिजवलेली, कातडीखाली काकूंचा गोडा मसाला चोळलेला, सगळं प्रेमाने. फक्त एक गोष्ट त्याला कुणी सांगितली नव्हती. आपल्या घरांमध्ये ओव्हन हे यंत्र नसतं, कपाट असतं. डिशवॉशर हे जसं ताटाळं असतं, तसंच. काकूंच्या ओव्हनमध्ये दोन कढया, चकलीचा सोऱ्या, दह्याचे धुऊन ठेवलेले रिकामे डबे, आणि सगळ्यात मागे काकांचं सन्मानचिन्ह होतं. ल्यूकने आत न बघता, पाककृतीत लिहिलंय तसं, आधी ओव्हन तापायला लावला.

सन्मानचिन्हाचं सांगायला हवं. दोन वर्षांपूर्वी मंडळात नवी कमिटी आली. त्यांनी ठरवलं की आभारप्रदर्शन पडद्यावर दाखवायचं, नावं सरकत जातील, लोक जेवायला जातील. काकांना निरोप म्हणून अॅक्रिलिकचं एक चिन्ह दिलं, "आभारप्रदर्शनाच्या सेवेबद्दल आभार" असं कोरलेलं. सगळ्यांना ते फार गमतीचं वाटलं. काका घरी आले, ते चिन्ह टेबलावर ठेवलं आणि काकूंना म्हणाले, "झालं. माझेच आभार मानले त्यांनी." तेवढंच. काकूंनी ते चिन्ह उचलून ओव्हनमध्ये मागे ढकललं, कारण त्या घरात ओव्हन कुणीच उघडत नाही. हे मला काकूंनीच एकदा भांडी आवरताना सांगितलं होतं, आणि मी, अर्थातच, तेव्हाही हसले होते.

तर आधी वास आला. मग धूर. मग आगीचा अलार्म असा किंचाळायला लागला की शेजारचे आजोबा चप्पल न घालता आले. ल्यूक मोज्यांनिशी धावतोय, काकू "माझा सोऱ्या, माझा सोऱ्या" करतायत, मी खिडक्या उघडतेय आणि काका ब्लेझर घालून खुर्चीवर उभे राहून अलार्मला उशीने वारा घालतायत. (हो, ब्लेझर. थँक्सगिव्हिंगला ते घरातही ब्लेझर घालतात, खिशाला मंडळाचा बिल्ला.) धूर गेल्यावर ल्यूकने चिमट्याने ते चिन्ह बाहेर काढलं. ते मान टाकून बसल्यासारखं वाकलं होतं आणि त्याला दह्याचा डबा कायमचा चिकटला होता. ल्यूकचा चेहरा पांढरा होता, आता टर्कीपेक्षा पांढरा झाला. "सर... वॉज धिस अॅन अवॉर्ड?"

काकांनी ते चिन्ह खूप वेळ बघितलं. सायलीताईने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं कळेनात. आणि मग तीन वर्षं ज्या माणसाला काका "मिस्टर ल्यूक, प्लीज बी सीटेड" याखेरीज काही बोलले नव्हते, त्या माणसावर ते अस्सल मराठीत कडाडले, "अरे डोकं आहे का खोकं? आपल्या घरात ओव्हन लावायच्या आधी उघडून बघतात! एवढंही कळत नाही गाढवाला!" ल्यूकने ताईकडे बघितलं. "व्हॉट डिड ही से?" ताई म्हणाली, "नथिंग. किचन सेफ्टी."

टर्की झाली, उशिरा झाली, पण झाली. टेबलावर एका बाजूला ती, दुसऱ्या बाजूला काकूंची मसालेभाताची परात, मटकीची उसळ आणि ल्यूकच्या आग्रहाखातर डब्यातला क्रॅनबेरी सॉस, ज्याला काका दरवर्षी मुरंबा म्हणतात आणि दरवर्षी फसतात. काका उठले. वरणाचा डाव माईकसारखा हातात धरला. ल्यूकने मांडीवरचा रुमाल काढून बाजूला ठेवला, म्हणजे उठताना पडायला नको. ताई ताटाकडे बघत बसली.

काकांनी आधी बर्फ न पडल्याबद्दल आकाशाचे आभार मानले. मग आपल्यासाठी प्राण वेचल्याबद्दल टर्कीचे. मग वेळेवर वाजल्याबद्दल अलार्मचे आणि अनवाणी आल्याबद्दल शेजारच्या आजोबांचे, जे आता आमच्यातच बसून मसालेभात बघत होते. मग, "अभ्यासातून वेळात वेळ काढून आलेल्या कुमारी मृण्मयी सबनीस," म्हणजे माझे, आणि टेबल पुसल्याबद्दल माझ्याबरोबर आलेल्या माझ्या रूममेटचे. ल्यूक खुर्चीच्या टोकावर आला होता. काकांनी श्वास घेतला. ताईने डोळे मिटले. "एवढं बोलून मी माझे दोन शब्द संपवतो," काका म्हणाले आणि खाली बसले.

कुणी घासच घेईना. ल्यूक ताईच्या कानाशी वाकला. "डिड आय मिस इट? डिड ही से माय नेम?" ताईने मान हलवली, नाही. ती रडत होती आणि हसत होती आणि दोन्ही लपवायला तिने तोंडात पापड कोंबला होता. "इट्स द अवॉर्ड, इजन्ट इट," म्हणत तो उठला, टेबलाला वळसा घालून काकांसमोर जाऊन उभा राहिला, एवढा उंच माणूस, शाळेत नापास झाल्यासारखा. "सर, आय अॅम रिअली सॉरी. अँड थँक यू फॉर हॅविंग मी."

"थँक यू?" काकांनी डाव खाली ठेवला. "इन दिस हाऊस, नो थँक यू. अँड नो सर. गो, ब्रिंग वॉटर."

ल्यूकने धावत जाऊन तांब्या-भांडं आणलं. काकांनी भांडं घेतलं, वर न बघता एक घोट घेतला आणि म्हणाले, "फार गार आहे."

"आला गं बाई घरात," काकू म्हणाल्या आणि त्याच्या ताटात भात वाढायला लागल्या. ताई उठून बाथरूममध्ये पळाली. ल्यूकला अजूनही काही कळलं नव्हतं, माझ्याकडून "गार"चा अर्थ विचारून तो पाण्यात गरम पाणी मिसळायला गेला होता. ती परत आली तेव्हा काका उसळीत लिंबू पिळत, कुणाकडेही न बघता म्हणाले, "सायली, तो मे महिन्यातला हॉल म्हणत होतीस ना, तिथला माईक कसाय?"

मी एवढी हसले, एवढ्या टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, आईला मेसेज केले. मग निघताना बूट घालता घालता एकदम लक्षात आलं. माझं नाव घेतलं होतं. आडनावासकट. कुमारी लावून. दोन वर्षं मी याच घरात कांदे चिरतेय, ताप आला तर याच सोफ्यावर झोपलेय, आणि माझे आभार शेजारच्या आजोबांनंतर लगेच.

काका सोडायला गाडीपर्यंत आले, थंडीत, ब्लेझरवर. "तर मृण्मयी, आज तू आलीस त्याबद्दल..." त्यांनी सुरुवात केली. मी म्हटलं, "काका, प्लीज, माझे नका मानू ना." ते थांबले. काचेवरचं दव उगाचच हाताने पुसलं. मग म्हणाले, "बघू," आणि गॅरेजकडे वळले.

तेव्हापासून मी ते "बघू" घेऊन बसलेय. आता तुम्ही सांगा, तुमच्या बाबतीत झालंय का असं कधी? भरल्या पंगतीत सगळ्यांची नावं घेऊन झाली, फक्त तुमचंच राहिलं, आणि तुम्हाला घरी पोचल्यासारखं वाटलं?