तापलेल्या फरशीवरचा माणूस

मी सौंसर पोलीस ठाण्याचा ठाणेदार असतानाचे ते प्रकरण इतक्या वर्षांनीही माझ्या डोक्यातून गेलेले नाही. गोष्ट ऐंशीच्या दशकातली. गावातल्या एका खासगी दवाखान्यात ऑपरेशन थिएटरचा एक मदतनीस होता. बायको संत्र्याच्या बागेत मजुरीला जायची. सहा महिन्यांपासून हा चालताना झोकांड्या खायचा. कामावरून आली की तिला त्याला न्हाणीपर्यंत धरून न्यावे लागे. शेजारी म्हणत, दारू पितो.

मग दवाखान्याच्या मालक डॉक्टरांनी तक्रार दिली. गुंगीसाठी वापरायचा नायट्रस ऑक्साइड, म्हणजे हसवणारा वायू, ऑपरेशनच्या मानाने फार लवकर संपत होता. खबऱ्याने या मदतनिसाकडे बोट दाखवले. म्हणाला, नागपूरला विकतो. मला ते लगेच पटले. आमच्या घराण्यात कॉलेज शिकलेला मी पहिलाच. माणूस चेहऱ्यावरून ओळखतो असे छाती ठोकून सांगत असे. आठ दिवस साध्या वेशातला शिपाई नागपूरच्या बसवर ठेवला. हाती काही लागले नाही. रिकामे सिलिंडरही सगळे जागेवर होते. तरी माझा संशय हटेना.

भर वैशाखात त्याला चौकशीला बोलावले. बायको सोबत आली. ठाण्यात शिरताना लोक फाटकाशीच चपला काढत. आवारातली फरशी तव्यासारखी तापली होती. बायको पळतच सावलीत आली. तो मधोमध उभा राहून माझ्या हुकमाची वाट पाहत होता.

हवालदार म्हणाला, "पाहा सायेब, कसा निगरगट्ट आहे. याले ठाणं नवीन नाही दिसत."

मलाही तसेच वाटले. दोन तास एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारला, माल कोणाला देतो? त्याच्या तोंडाला दारूचा वास मात्र नव्हता. शेवटी बायकोच बोलली, "तो पेत नाही जी. पायात काटा रुतला त मले दिसते, त्याले समजत नाही."

मी त्याला तळपाय दाखवायला सांगितले. दोन्ही पायांना टपोरे फोड आले होते. ते पाहून तो स्वतःच घाबरला.

"विकलं नाही सायेब," तो म्हणाला. "मीच घेऊन राहिलो. आता सुटत नाही."

त्याला कोठडीऐवजी नागपूरच्या डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी सांगितले, हा गॅस सारखा घेतला की शरीरातले एक जीवनसत्त्व निकामी होते आणि नसा बधिर पडतात. इंजेक्शने देऊ; पण गॅसचे व्यसन सुटले नाही तर हा कायमचा अंथरुणाला खिळेल.

अटक करू का, असे मी त्याच्या बायकोला विचारले. ती म्हणाली, "थे तुमी पाहा. पण त्याले त्या खोलीतून हटवा."

तिला कळले ते मला कळले नव्हते. मालक डॉक्टरांना समजावून न्यायालयात तडजोड करवली. गॅसच्या खोलीला कुलूप लागले. त्याला रुग्णांच्या चिठ्ठ्या फाडायच्या खिडकीवर बसवले. मधे एकदा तो पुन्हा त्या कुलपाशी खटपट करताना सापडला. तेव्हाही बायकोच ठाण्यात सांगायला आली, आणि त्याला परत डॉक्टरांकडे नेले.

संशय घेणे हे पोलिसाचे कामच आहे. पण दोन तासांत मी त्याला एकदाही विचारले नाही की बाबा, तुला काय होऊन राहिले.

वर्षभराने त्याचे गॅसचे व्यसन सुटले होते, आणि तो काठीशिवाय चालत कामावर जात होता.