उशाखालचा विळा

बाळंतिणीच्या उशाखाली लोखंड हवं, म्हणून दवाखान्यातून घरी आले त्याच दिवशी सासूबाईंनी माझ्या उशीखाली छोटी सुरी सरकवली. आमच्या बौद्ध घरातून देव, पाचवीची पूजा, अंगारे हे सगळं आजेसासऱ्यांच्या काळातच गेलं होतं. लोखंड तेवढं राहून गेलं होतं. मी त्याच उशीवर डोकं टेकलं. तालुक्याच्या कॉलेजातून बी.कॉम. झालेली, खराडीत नोकरी करणारी, घरातली पहिली पदवीधर मी. पण माझी आई आजारी होती, म्हणून माझं बाळंतपण विश्रांतवाडीच्या या एका खोलीत सासूबाईंच्या जिवावर चाललं होतं. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या त्याच, मला शेक देणाऱ्याही त्याच.

पुढे माझं रडू थांबेना. मग रडणं आटलं आणि संताप सुरू झाला. डिंकाच्या लाडवांचा डबा मी भिंतीवर फेकला. मोरीच्या कठड्यावर कपाळ आपटून घेतलं. मुलगी रडू लागली की माझी नजर तिच्या मानेवर जायची आणि डोळ्यांपुढे रक्त दिसायचं. नैराश्य हा शब्द मी पुस्तकात वाचला होता. ते दात-ओठ खात येतं, हे त्यात नव्हतं.

"हिला बाहेरचं लागलंय," सासूबाई म्हणाल्या.

"आई, ग्रॅज्युएट आहे ती," माझा नवरा म्हणाला.

"लागणारं काय मार्कशीट बघून लागतं?"

त्यांनी उशीखालची सुरी काढली आणि गावाहून आणलेला विळा ठेवला. ताजी धार लावलेला. माझ्या काळजीपोटीच.

एका दुपारी नवरा खडकीला कामावर गेला होता आणि सासूबाई पाण्याला. मुलगी किंचाळत होती. माझा हात उशीखाली गेला. मूठ हातात बसली तेव्हा फार बरं वाटलं, आणि त्याच बरं वाटण्याची मला भीती वाटली. मी तिला पायाने पलीकडे ढकललं आणि गोधडीवर विळा मारत सुटले. चिंध्या उडाल्या, खालची गादी फाटली, माझी करंगळी कापली. तरी हात थांबेना.

हंडा दारातच आपटला. सासूबाईंनी माझं मनगट पिरगाळून विळा घेतला आणि कानाखाली मारली.

"काय करत होतीस?"

"हिला मारणार होते. आधी हिला, मग मला. आई, तो विळा इथून न्या. माझ्या हाताला लागेल असं काही ठेवू नका."

त्यांनी पुन्हा हात उचलला, पण मारला नाही. विळ्याकडे पाहत राहिल्या. मग बाळाला उचललं, माझ्या करंगळीला फडकं बांधलं आणि त्याच रक्ताळलेल्या गाऊनवर शाल टाकून मला रिक्षात बसवलं. सरकारी दवाखान्यात डॉक्टर मला विचारत होते. उत्तर सासूबाईंनी दिलं. "बाहेरचं नाही, साहेब. हिचं आतलंच दुखतंय. विळा मीच ठेवला होता."

गोळ्या सुरू झाल्या. घरातली विळी, सुरी, कात्री सगळं गेलं. सासूबाई भाजी घेऊन शेजारणीकडे जायच्या आणि चिरून आणायच्या.

"काय हो मावशी, घरात सुरी नाही वाटतं?"

"आहे. पण तुमच्याकडच्या गप्पांना धार जास्त आहे."

खरं काय ते त्यांनी कुणालाही सांगितलं नाही. मला झोप लागू लागली. मुलीच्या मानेला पावडर लावताना एकदा मी चक्क गुणगुणले. त्या दिवसानंतर काही आठवड्यांनी सासूबाईंनी विळी आणून माझ्यापुढे ठेवली.

"कांदा चीर."

मी चिरू लागले. त्या दारात बसल्या, मुलीला घट्ट मांडीवर घेऊन. माझ्याकडे पाठ मात्र त्यांनी केली नाही. मीही करू दिली नसती.